पुसते नाही, बसते

पाणीपुरवठा खात्याच्या बँडचे कोट जी बाई शिवायची तिला सगळे टाचणी म्हणायचे. तोंडावर टाचणीबाई, पाठीमागे नुसती टाचणी. माप घेताना, अस्तर लावताना, बाही जोडताना तिच्या ओठांत कायम टाचण्यांची रांग असायची, म्हणून हे नाव पडलं.

टाचण्या ओठांत असल्या की माणसाला बोलता येत नाही, हे तिला लग्न होऊन आल्यावर लवकरच उमगलं होतं. तिने त्याचा उपयोगही करून घेतला होता. सासरा तापट, नवरा हेकट. अवघड प्रश्न आला की ती चार टाचण्या ओठांत धरायची आणि ‘हूं’ म्हणायची. हूं म्हणजे हो, हूं म्हणजे नाही, आणि हूं म्हणजे तुमचं चालू द्या. लोक म्हणायचे, बाई मोठी गुणाची, तोंडातून शब्द काढत नाही. शब्द होते. ते टाचण्यांच्या मागे दाटीवाटीने बसले होते, एवढंच.

बँडचा सराव जुन्या पंपघरात व्हायचा. पंप कधीच काढून नेले होते, पण भिंतींना तेलाचा वास अजून होता. नवे कोट शिवायचे असले की टाचणी तिथे कोपऱ्यात स्टूल टाकून बसायची आणि एकेकाला बोलावून कोट अंगावर चढवून बघायची. वाजवणारे वाजवत असायचे, ती ऐकत असायची. कोणत्या वाद्याने कुठे शिरायचं, कुठे गप्प राहायचं, हे तिला बाह्यांच्या मापांइतकं पाठ झालं होतं. तिचा नवरा तिथेच मोठा ढोल वाजवायचा. पण तिचं लक्ष ढोलाकडे नसायचं. लग्नाच्या बायकोला ढोल घरीही ऐकावा लागतोच. तिचं लक्ष क्लॅरिनेटकडे असायचं.

त्या वर्षी गडद निळे कोट ठरले होते, पितळी बटणांचे. टाचणीने सगळं कापड एका दमात कापून टाकलं, आणि मग बँडचा मास्तर म्हणाला, “टाचणीबाई, एक कोट कमी करा. आपला तिसरा क्लॅरिनेटवाला बदली होऊन गेला. माणूस मिळेना. ती खुर्ची यंदा रिकामीच राहणार.”

टाचणी तेव्हा गुडघ्यावर बसून ट्रंपेटवाल्याच्या कोटाचा खालचा काठ टाचत होती. तिने मान वळवून त्या खुर्चीकडे पाहिलं. मागच्या ओळीतली, भिंतीला टेकलेली, धुळीने भरलेली. आणि तिच्या तोंडून, टाचण्यांच्या फटीतून, आपसूक निघून गेलं, “मी बसते.”

“हो हो, पुसा की,” मास्तर म्हणाला. “धूळ फार बसलीय तिच्यावर. फडकं तिकडे खिडकीत आहे.”

एरवी टाचणी ‘हूं’ म्हणाली असती. उठून फडकं घेतलं असतं, खुर्ची पुसली असती. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. तिने ओठांतली एक टाचणी काढली आणि ट्रंपेटवाल्याच्या कोटात खुपसली. मग दुसरी. मग तिसरी. ट्रंपेटवाला पोट आत ओढून उभा. शेवटची टाचणी काढून झाल्यावर ती उठली, गुडघे झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पुसते नाही. बसते. त्या खुर्चीवर. क्लॅरिनेट घेऊन.”

ट्रंपेटवाला फस्सकन हसला, आणि मग सगळं पंपघर हसायला लागलं. ढोलवाला तेवढा हसला नाही. तो खाली वाकून ढोलाचे स्क्रू तपासायला लागला, जणू ते नुकतेच ढिले झाले होते.

मास्तर वाईट माणूस नव्हता. त्याला वेळ नव्हता, इतकंच. हसू आवरत तो म्हणाला, “वा वा! मग असं करा, सगळे कोट तयार करून आणाल ना, त्या दिवशी वाजवूनच दाखवा. सूर नीट लागला तर खुर्ची तुमची.”

“शब्द दिलात?”

“दिला की.” आणि त्याने ट्रंपेटवाल्याला डोळा मारला. टाचणीने ते पाहिलं. शिवणाऱ्या बाईची नजर बारीक असते.

घरी येताना ढोलवाला पुढे, ती मागे. कोपरा वळल्यावर तो थांबला.

“अगं, तुला वेड लागलंय का? क्लॅरिनेट कधी हातात धरलंयस?”

“नाही.”

“मग?”

“मग धरेन.”

“लोक काय म्हणतील? नवरा ढोल बडवतो आणि बायको पिपाणी फुंकते! हसतील सगळे.”

“हसतील त्यांचे दात दिसतील,” ती म्हणाली.

ढोलवाल्याने वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं. बायकोच्या तोंडात टाचण्या नाहीत, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

क्लॅरिनेट घरातच होतं. ते सासऱ्याचं. म्हातारा एके काळी ह्याच बँडचा पहिला क्लॅरिनेटवाला. त्याचे दात गेले, कवळी आली, आणि एका संध्याकाळी बागेतल्या कार्यक्रमात ऐन सुरात कवळी वरून सुटून खाली आली. सूर तुटला, लोकांनी टाळ्या पिटल्या, त्याही चुकीच्या कारणासाठी. तेव्हाचा मास्तर म्हणाला होता, दात गेले की वाजवणं गेलं, आता घरी बसा. म्हातारा घरी बसला. क्लॅरिनेटची पेटी खाटेखाली गेली. रोज सकाळी तो ती बाहेर काढायचा, वाद्याच्या चाव्या पुसायचा, जोडांवरच्या बुचाला मेण लावायचा आणि परत ठेवून द्यायचा. ओठाला कधी लावलं नाही.

“मामंजी,” टाचणी खाटेजवळ जाऊन म्हणाली, “मला शिकवा.”

“क्लॅरिनेट म्हणजे शिवणयंत्र नव्हे सूनबाई, पाय मारला की चालायला.”

“ते मला कळतं. म्हणून तर विचारतेय.”

“तुझं वय काय, ह्याचं वय काय! तोंड लहानपणी वळवावं लागतं. तुझं तोंड टाचण्या धरायला वळलंय. आता ते दुसरीकडे वळायचं नाही.”

“बरं,” टाचणी म्हणाली. तिने पेटी ओढून काढली, तुकडे एकाला एक जोडले, गेली कित्येक वर्षं रोज बघून तिला ते ठाऊकच होतं, आणि तिथेच उभ्या उभ्या फुंकलं.

जो आवाज आला तो आवाज नव्हता. दार खरवडल्यासारखं काहीतरी झालं. तिने परत फुंकलं. शेजारणीने खिडकी लावून घेतली. तिने तिसऱ्यांदा फुंकलं, आणि म्हातारा खाटेवरून ओरडला, “बास! बास! अगं ते लाकूड आहे, त्याला जीव असतो! आण इकडे. तोंड दाखव.”

अशी शिकवणी सुरू झाली.

म्हाताऱ्याने आधी सगळं क्लॅरिनेट काढून घेतलं आणि तिच्या हातात नुसता वरचा तुकडा दिला, जो तोंडात धरतात तो. त्याच्या खालच्या अंगाला वेताची पातळ पत्ती बांधलेली असते. ती थरथरते, तेव्हा सूर निघतो. बाकीचं लाकूड नुसतं ऐकत असतं, असं म्हातारा म्हणायचा.

“खालचा ओठ खालच्या दातांवर घे. सगळा नको, जेवढा लाल आहे त्यातला निम्मा. वरचे दात ह्याच्या पाठीवर टेकव. टेकव म्हटलं, रोवू नको. ओठांचे कोपरे आत ओढ. गाल फुगवायचे नाहीत, तू काही फुगे विकत नाहीस. हनुवटी खाली आणि सपाट. आता फुंक.”

चीं.

“दाबतेस तू! पत्ती म्हणजे टाचणी वाटली का तुला? टाचणी पडू नये म्हणून धरायची असते. पत्तीला धरायचं ते थरथरता यावं म्हणून. सोड जरा!”

ती सोडायची तर वारा कोपऱ्यातून फुस्सकन निघून जायचा. धरायची तर चीं. दोन्हींच्या मधलं तिला सापडेना. तिने कोट चढवून बघायचा मोठा आरसा खाटेसमोर आणून ठेवला आणि आपलं तोंड न्याहाळलं.

“मामंजी, हनुवटीला चुण्या पडताहेत.”

“चुण्या नकोत. इस्त्री हवी. बघ, अशी.” आणि म्हाताऱ्याने आपली हनुवटी खाली ओढून दाखवली. वयाने मऊ पडलेली ती हनुवटी क्षणात तवा पालथा घातल्यासारखी सपाट झाली. टाचणीला हेवा वाटला.

काम सुटलं नव्हतं. कोट शिवायचे होतेच. पण एका सकाळी तिने सवयीने टाचण्या ओठांत धरल्या आणि आरशात बघितलं, तर तेच तोंड. तीच आवळलेली जिवणी, त्याच चुण्या. म्हातारा म्हणत होता ते काही खोटं नव्हतं. तिने टाचण्या थुंकल्यासारख्या तळहातावर काढल्या. अस्तराच्या चिंध्या भरून एक छोटी गादी शिवली, तिला पट्टी लावली आणि मनगटावर बांधली. त्या दिवसापासून टाचण्या मनगटावर, आणि तोंड मोकळं.

त्याचा परिणाम घराला आणि गल्लीला भोगावा लागला. एक जाडजूड गिऱ्हाईक दर वेळी भांडायची की झगा आखूड केलात, कमी कापड वापरलंत. टाचणी आजवर हूं म्हणत आली होती. ह्या वेळी म्हणाली, “ताई, झगा होता तेवढाच आहे. वाढलात ते तुम्ही.” बाई थक्क झाली, मग हसत सुटली, आणि आणखी एक झगा शिवायला टाकून गेली. भाजी करपली म्हणून ढोलवाला कुरकुरला, तर उत्तर आलं, “ढोल आहे ना तुमचा, उद्या त्यातच शिजवा, वर झाकण ठेवून.” तो बापाकडे तक्रार घेऊन गेला.

“बाबा, तुम्ही तिला हे काय शिकवताय? टाचण्या निघाल्या आणि टोचणं सुरू झालं.”

“मी तोंड शिकवतोय,” म्हातारा म्हणाला. “तोंड आलं की बोलणंही येतं. दोन्हींचा रस्ता एकच.”

पण सूर काही येत नव्हता. खालच्या दातांनी ओठाला आतून चर पडले. टाचणीने मऊ मलमलीची चिंधी घडी करून दातांवर बसवली. म्हातारा हसून लोटपोट झाला. “दातांना अस्तर! जन्मात पाहिलं नव्हतं.” अस्तराने ओठ वाचला, चीं मात्र चुकली नाही. ती वाजवायला उभी राहिली की पंपघरातलं ते हसणं तिच्या कानात यायचं, मास्तरचा तो डोळा दिसायचा, आणि जबडा आपोआप आवळायचा. पत्ती मिटायची, सूर वर चढायचा आणि कोंबडीच्या गळ्यासारखा तुटायचा.

“दातओठ खाऊ नकोस,” म्हातारा म्हणाला.

“खाणार! मला राग आहे, मामंजी. त्यांच्यावर आहे, ह्यांच्यावर आहे. खरं सांगायचं तर थोडा तुमच्यावरही आहे. तो कुठे ठेवू?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं घरात वावरणारी बाई त्याला आज पहिल्यांदा नीट दिसत असावी.

“पोटात ठेव,” तो म्हणाला. “राग टाकून देऊ नकोस, तो चांगला असतो. पण तो ओठात नको, पोटात हवा. वारा पोटातूनच येतो. पोटात राग असेल तर वारा खच्चून येईल. ओठात आला की दार लागतं.”

“सांगणं सोपं आहे. दात आपणहून आवळतात.”

“दातच काढून टाक मग.”

“काय?”

म्हाताऱ्याने तोंडात बोट घालून कवळी काढली, पाण्याच्या वाटीत टाकली आणि हात पुढे केला. टाचणीने क्लॅरिनेट दिलं. म्हाताऱ्याने ते गुडघ्यांमध्ये टेकवलं. आधी खालचा ओठ आत घेतला, मग वरचाही. दोन्ही ओठांची घडी उघड्या हिरड्यांवर बसली, बोळक्या तोंडात लाकूड अलगद रुतलं, हनुवटी पालथ्या तव्यासारखी झाली. आणि सूर आला.

सूर खालचा होता, जाड आणि मऊ. तो खोलीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला. नंतर डावा कोपरा सुटला, फुस्स झालं, आणि म्हाताऱ्याने क्लॅरिनेट खाली घेतलं. त्याने ते लाकूड हातात फिरवून पाहिलं. दात गेले की वाजवणं गेलं, हे कोणीतरी सांगितलं होतं आणि त्याने ते खरं मानलं होतं. एकदाही करून पाहिलं नव्हतं.

“गाढव,” तो पुटपुटला. कोणाला, ते त्याने सांगितलं नाही. कवळी न लावताच बोलल्याने ते ‘गाधव’ असं ऐकू आलं. मग त्याने क्लॅरिनेट तिच्या हातात दिलं. “घे, पत्ती ओली आहे तोवर. वरचाही ओठ मधे घाल. आता चाव खुशाल. चावलंस तर स्वतःलाच चावशील.”

तिने वरचा ओठ दातांखाली घेतला. लाकडाला आता कुठेच दात लागत नव्हते. ती आवळायला गेली आणि तिलाच टोचलं. सोडलं. कोपरे आत. हनुवटीला इस्त्री. राग पोटात ढकलला आणि तिथून वारा सोडला.

सूर म्हाताऱ्याइतका जाड नव्हता. पण तुटला नाही. शेजारणीने खिडकी लावली, पण जरा उशिरा.

कोट तयार झाले. सगळे, आणि एक जास्तीचा. तो तिने शेवटी शिवला, कापून ठेवलेल्या त्याच कापडाचा, फक्त माप बदलून. खांद्यातून आत, छातीत सैल. ढोलवाल्याने तो खुंटीवर बघितला.

“हा कोणाचा?”

“माझा.”

“अगं, तुला अजून एक गाणं धड वाजवता येत नाही! मी आजच मास्तरला सांगून टाकतो की बायकोची गंमत होती.”

“सांगा ना. मी तिथेच उभी असेन.”

कोटांचं गाठोडं मात्र त्यानेच उचललं. क्लॅरिनेटची पेटी तिने स्वतः घेतली. दारातून म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं, “हसले तर हसू दे! माझ्यासारखं हसा म्हणावं, दात न दाखवता!”

पंपघरात सगळे जमले होते. दुसऱ्या दिवशी बागेत कार्यक्रम होता, त्याची घाई होती. मास्तरने गाठोडं बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. मग पेटी बघितली.

“हे काय?”

“वाजवून दाखवायचं ठरलं होतं.”

“अहो बाई, ती गंमत होती.”

“तुमची असेल. माझी नव्हती.”

मास्तरने घड्याळ बघितलं, उसासा सोडला. “बरं, एक सूर. लवकर.”

टाचणी मध्ये उभी राहिली. ट्रंपेटवाला शेजाऱ्याच्या कानात काही बोलला आणि दोघं खिदळले. तिच्या कानशिलात रक्त चढलं. वरचे दात कधी लाकडावर गेले, तिला कळलंच नाही. तिने फुंकलं.

चीं.

हसण्याची लाट उठली. मागच्या ओळीतलं कोणीतरी कोंबडा आरवला तसं आरवलं. मास्तर हात वर करून म्हणाला, “झालं. बाई, प्रयत्न चांगला होता. आता कोट...”

“एक सूर म्हणालात,” टाचणी म्हणाली. “हा सूर नव्हता. सूर अजून वाजवायचाय.”

तिने पत्ती ओठांनी ओली केली. घाई केली नाही. खालचा ओठ आत, वरचा ओठ आत. ते सगळे समोर हसत होते, त्यांचे दात दिसत होते. तिचे कुठेच दिसत नव्हते. तिने सगळ्यांचं हसणं, आजवरचे सगळे हूं, ट्रंपेटवाल्याचं कुजबुजणं, गोळा करून खाली पोटात नेलं आणि तिथून सोडलं.

खालचा सूर आला, जाड आणि अखंड. तेलाच्या वासाच्या त्या भिंतींना लागून तो जमिनीवर पसरत गेला. हसणं एका टोकापासून विझत दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. सूर थांबेना. आणि मग मागून एक बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. सगळ्यांनी वळून पाहिलं. मोठा ढोल आपला आपण बोलत होता. त्या सुराने त्याचं चामडं थरथरत होतं. ढोलवाल्याने दचकून त्यावर तळहात ठेवला, आवाज बंद करायला. गुणगुण थांबली. त्याने बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे त्याच्यावर होते, हनुवटी सपाट.

त्याने हात उचलला. ढोल परत बोलायला लागला.

टाचणीने श्वास संपल्यावर सूर सोडला, तोडला नाही. क्लॅरिनेट खाली घेतलं. खालच्या ओठावर रक्ताचा ठिपका होता, तो तिने जिभेने पुसला.

“सूर बरा आहे,” मास्तर सावकाश म्हणाला. “बरा म्हणजे, चांगलाच आहे. पण नुसत्या सुराने काय होतं बाई? गाणी वाजवायची असतात.”

“तिसऱ्या क्लॅरिनेटला काय असतं, मास्तर? लांब सूर आणि आपली पाळी येईपर्यंत वाट बघणं. वाट बघायला तर मी ह्याच कोपऱ्यात शिकलेय.”

कोणीतरी हसलं. पण ते मघाचं हसणं नव्हतं. मास्तर गोंधळला. “पण कोट? सगळ्यांचे सारखे कोट, आणि तुम्ही...”

तिने पेटीखालून घडी घातलेला कोट काढला आणि अंगात घातला. पितळी बटणं लावली, खालून वर. खांदे जिथे बसायला हवेत तिथे बसले. ट्रंपेटवाला म्हणाला, “च्यायला, हिचा आमच्यापेक्षा चांगला बसलाय!”

“स्वतःचं माप घेताना कोणी हलत नाही,” टाचणी म्हणाली.

“पुढच्या वर्षी बघू या का?” मास्तर जवळजवळ विनवणीने म्हणाला. “नीट तयारी करा, तोवर मीही वर विचारतो...”

“पुढच्या वर्षी माझे दात राहतील का कोण जाणे. तुम्ही शब्द दिला होतात. डोळा मारून दिलात, पण दिलात. कोट तिथे आहेत, कॉलरच्या आत ज्याचं त्याचं वाद्य लिहिलंय, ज्याचा त्याने घ्या. मी ते अडवून धरणार नाही. पण आज मी घरी जाणार नाही.”

मास्तरने ढोलवाल्याकडे पाहिलं, नवऱ्याने काहीतरी बोलावं म्हणून. ढोलवाल्याने खांदे उडवले. “माझ्याकडे काय बघता? तिच्या तोंडात आता टाचण्या नसतात.”

टाचणी मागच्या ओळीकडे गेली. वाटेतल्या माणसांनी गुडघे आत घेतले. रिकामी खुर्ची तशीच होती, भिंतीला टेकलेली, धुळीने राखाडी झालेली. नवा कोट होता अंगावर. तिने खिडकीतलं फडकं घेतलं आणि खुर्ची पुसायला लागली, आधी पाठ, मग बैठक, मग पाय.

“बघा!” ट्रंपेटवाल्याला राहवलं नाही. “शेवटी पुसलीच की!”

“पुसली,” टाचणी म्हणाली, आणि फडकं त्याच्या मांडीवर टाकलं. “आता बसते.”

आणि बसली. क्लॅरिनेट गुडघ्यावर उभं धरलं. खालचा ओठ आत घेतला, वरचा आत घेतला, आणि मास्तरकडे पाहत राहिली.

मास्तर बँडला इशारा द्यायची काठी बोटांत फिरवत उभा होता. मग त्याने ती उचलली.